हिंमतरावाचा उजवा हात

दोन शेतांमधल्या धुऱ्याच्या भांडणात चुलतभाऊ रंगरावानं हिंमतरावाच्या डाव्या कानशिलावर कुऱ्हाडीचा बोथट तुंबा हाणला, तेव्हा रक्त असं उसळलं की त्याला मांडीवर घेणाऱ्या अंबूबाईचं लुगडं चिंब झालं. नवऱ्याचा जीव वाचला. पण जानेफळच्या आखाड्यात भल्याभल्यांना चीत करणारा त्याचा उजवा हात ओल्या दोरासारखा लोंबत राहिला.

"वस्ताद, मले हात पाह्यजे," तो पुंजाजींना म्हणाला. "एकाच घावापुरता. रंग्याचं मुंडकं पाडाचं हाय."

"मुंडक्याचं मंग पाहू. नस म्हंजे मळ्यातला पाट हाय बे, पानी सोडत राह्यलं तरच मोकळा राह्यते. घे फावडं, खण माती."

निर्जीव बोटं फडक्यानं फावड्याला बांधून तो रोज आखाडा खणू लागला. दर घावाला मनातल्या मनात रंगरावाचं डोकं फुटे. पोळा गेला, संक्रांत गेली. बोटं हलली, मग मुठीत मुदगल फिरू लागला. घामानं निथळून आला की त्याला गाढ झोप लागे. हात गेल्यापासून तो संतापून ताट भिंतीवर भिरकावायचा, ते कधी थांबलं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

होळीला तो कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर गेला. रंगराव बाभळीला पाठ लावून थिजला. कुऱ्हाड वर गेली, सणसणत खाली आली आणि त्याच्या कानाला वारा घालून खोडात रुतली.

"चुकला काय बे?" रंगरावानं कान चाचपत विचारलं.

"नाही," हिंमतराव आपल्या मुठीकडे पाहत म्हणाला. "जथं म्हनलं, तथंच गेला. आता हात माह्यं ऐकते."