मिठाचा अंदाज

"आधी खाऊन बघ, मग बोल," असं म्हणत को बाईंनी खोकं उघडलं आणि त्यातला एक पिया थेट ग्वेक इंगच्या नाकासमोर धरला.

ग्वेक इंगला हसू आलं. वडिलांनी हौगांग वस्तीतल्या या इमारतीखाली बेकरी टाकली तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं, ती या काउंटरमागे उभी होती. पिया म्हणजे मुगाच्या पुरणाचे हे पापुद्र्याचे गोळे तिनं किती विकले याला गणती नव्हती, पण शेवटचा कधी खाल्ला ते आठवत नव्हतं. दिवसभर चरबीचा आणि तळलेल्या कांद्याचा वास अंगात मुरला की संध्याकाळी भाताची पेज आणि खारवलेला मुळा, याखेरीज काही नको व्हायचं.

"झालं तरी काय?"

"काल आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. फोटोपुढे ताटलीभर ठेवले. ह्यांनी काही तक्रार केली नाही. पण जावयानं एक तोंडात टाकला आणि तडक मोरीकडे पळाला!"

ग्वेक इंगनं तोंडात घास घेतला. पापुद्रा नेहमीसारखाच विरघळला आणि मागून जे पुरण आलं ते नुसतं मीठ होतं. तिनं तो घास तसाच गिळला.

"उद्या या, को बाई. ताजे करून ठेवते."

"अगं, त्याचं काही नाही. तेक सून बरा आहे ना?"

"बरा आहे की."

"मग झालं तर! माणूस हिंडतं-फिरतं आहे, मिठाचं काय एवढं," असं म्हणून बाई छत्री टेकत निघून गेल्या.

तेक सून तिचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी त्याच्या नाकामागे गाठ निघाली. तेहतीस दिवस किरणांच्या यंत्राखाली मान शेकून घेतली. गाठ गेली, पण तिच्याबरोबर अर्धा तेक सूनही गेला. तीन आठवड्यांपूर्वी दुकान पुन्हा उघडलं तेव्हा जुनी गिऱ्हाइकं रांग लावून आली होती. ग्वेक इंगनं मनाशी ठरवलं होतं, याला एकदा पायावर उभा राहिलेला बघायचं आणि चंद्राचा सण उरकला की सांगायचं, दादा, आता मी थांबते. गुडघे सुजून सकाळी पाय जमिनीला टेकवत नव्हते. ते वाक्य तिनं बसमध्ये बसून कितीदा तरी घोकलं होतं.

ती मागच्या खोलीत गेली. तेक सून मोठ्या कढईत वाटलेली डाळ चरबीवर परतत होता. शर्टाची कॉलर त्याच्या गळ्याभोवती सैल झाली होती.

"कोण आलं होतं गं?"

"को बाई."

"त्यांना बोलायला कोणीतरी लागतंच," असं म्हणत त्यानं चमचाभर पुरण फुंकर मारून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि वडील डोलवत तशीच मान डोलवली. "झालं. गॅस बंद कर."

ग्वेक इंगनं फळीकडे पाहिलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "साखरेच्या नव्या पिशवीची शिवण अजून उसवलेली नाही."

तेक सूनचा हात थांबला. कढईत पुरण खदखदत राहिलं. शेवटी तिनंच पुढे होऊन गॅस बंद केला.

"मीठ काय, साखर काय, मोजून कधी घातलंच नाही मी," तो कढईकडे बघत म्हणाला. "घातलं की नाही, ते जीभ सांगायची. आता घातलेलं आठवत नाही, म्हणून पुन्हा घालतो. आज वाटलं, घातलंय."

"कधीपासून?"

"मान शेकायला लागले तेव्हापासूनच. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत चव येईल. मग म्हणाले, वर्षभरात. आता विचारलं की दुसरंच बोलतात."

"काहीच लागत नाही?"

"ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं."

"वहिनीला माहीत आहे?"

"ती रोज सूप करते. मी म्हणतो, छान झालंय." तो जरासा हसला. "परवा तीच म्हणाली, अहो, आज मीठ घालायचं विसरलेच होते."

त्यानं दुसरा चमचा धुतला, फडक्यानं पुसला आणि तिच्यापुढे धरला.

विशीत असताना तिनं चाखायच्या चमच्यासाठीच हट्ट धरला होता. वडील म्हणाले होते, तू उद्या लग्न करून जाशील, कढईशी तुझं काय काम? लग्न झालं नाही आणि कढईशी कामही पडलं नाही. आज चमचा समोर आला, तर आनंद व्हावा एवढी ताकदसुद्धा तिच्यात उरली नव्हती.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"चाळीस वर्षं लोकांची तोंडं बघतेयस. बिघडलं की सगळ्यात आधी तुलाच कळतं."

"माझे गुडघे गेलेत, दादा."

"माहीत आहे. स्टूल आणतो."

त्यानं खरंच स्टूल आणून कढईशेजारी ठेवलं. घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि ती बसली. तो मूठ मूठ साखर टाकत होता, ती चाखत होती. "अजून." "थोडी अजून." "आता मीठ घाल. बस्स. बस्स म्हटलं ना!"

चौथ्या खेपेला ती काही बोलली नाही. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कढई उतरवली.

दुपारी पहिला ट्रे भट्टीतून बाहेर आला. तेक सूननं एक गरम पिया मोडला, अर्धा तिला दिला आणि अर्धा आपल्या तोंडात टाकला.

"सांग ना, कसा लागतोय?"

अशा गोष्टी बोलायची तिला सवय नव्हती. तिनं सावकाश चावलं.

"आधी नुसताच कुरकुरतोय," ती म्हणाली. "मग चरबी सुटते. मग गोड. जास्त नाही, बेताचा. आणि शेवटी कांदा, जरासा करपलेला."

"करपलेला?"

"चांगला करपलेला."

तो डोळे मिटून तिच्याबरोबर चावत होता, ती सांगेल तसा, घासागणिक थांबत. त्याच्या शर्टावर पापुद्रे सांडले होते. ते त्यानं झटकले नाहीत.

"मग?" तो म्हणाला. "कांद्यानंतर?"