एकच पान

पर्समधला पानाचा फोटो काढून तिने झाडाखालच्या पानाशेजारी धरला आणि पान नापास केलं. देठ लांब होता. दुसऱ्याला अळीने डावीकडून खाल्लं होतं. हवं होतं उजवीकडून.

"काकू, काही हरवलंय का?" वॉचमनने विचारलं.

"पान."

"इथे तर ढीग पडलाय."

"तेच तर ना."

हरवलं कसलं, तिनेच झाडून टाकलं होतं. नवरा आयुष्यभर दुकानदारांची वजनमापं तपासून निवृत्त झाला आणि त्याने कॅमेरा घेतला. सूर्यास्त, मोर असलं सैल काही त्याला मानवणारं नव्हतं. त्याने बाल्कनीत गळून पडलेलं एक पान विषय म्हणून धरलं. ते रोज सकाळी, त्याच कोनातून, नाक टेकेल इतक्या जवळून, काळ्या-पांढऱ्यात टिपायचं. सुकून, कुजून त्याची जाळी होईपर्यंत. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं होतं. मालिकेचं नाव 'एकच पान'. पानाला कोणी हात लावायचा नाही, असा घरात हुकूम निघाला. घरात 'कोणी' म्हणजे ती एकटीच होती.

पण जन्मभर केर काढलेल्या हाताला कला कोण शिकवणार? आठवड्याच्या आत पान सुपलीत गेलं. तिने खालून तसंच दुसरं आणून ठेवलं. ते कावळ्याने नेलं. तिसऱ्यावर ओल्या चादरीचं पाणी ठिबकलं आणि मेलेलं पान पुन्हा बाळसं धरल्यासारखं दिसू लागलं. म्हणून आज चौथ्याचा शोध. काळ्या-पांढऱ्यात पिवळं, तपकिरी सगळं राखाडीच दिसतं, ही एक सोय होती. शिरा तेवढ्या जुळवाव्या लागत.

"बघ," दुसऱ्या दिवशी लेन्सला डोळा लावून तो म्हणाला, "एका रात्रीत केवढं आक्रसलं. निसर्ग खोटं बोलत नाही."

"नाही ना," असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

पुढे बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती काही दिवस तिकडे राहिली. परतल्यावर पिशवी हातातच ठेवून तिने बाल्कनीत डोकावलं. पान जागेवर होतं. वयानेही बरोबर होतं. फक्त तिचं नव्हतं. तिच्या पानाचं टोक दुमडलेलं होतं, याचं सरळ. दाराशी नवऱ्याच्या चपला उलट्या पडल्या होत्या आणि तळाच्या खाचांत वाळक्या पानाचा चुरा अडकला होता. तिने त्या सुलट करून ठेवल्या.

जेवताना तो ताटात नुसती बोटं फिरवत राहिला.

"प्रदर्शनाला नाही द्यायचे फोटो."

"का हो?"

"माप बरोबर नाही."

"कोणाला कळतंय?"

"सगळे दुकानदार हेच म्हणायचे," तो म्हणाला. "याच वाक्यावर मी दुकानांना टाळं ठोकलंय. कॅमेरा भाच्याला देऊन टाकतो."

कॅमेरा यायच्या आधी तो स्वयंपाकघरातले डाळीचे डबे तपासायचा, ते तिला आठवलं. पण तेवढंच नाही. पानावर वाकलेला असला की तो स्वतःशी गुणगुणायचा, हेही आठवलं.

सकाळी तो स्टँड मिटत असताना ती केरसुणी घेऊन बाल्कनीत आली आणि त्याच्या देखत ते पान सुपलीत लोटलं.

"अगं..."

तिने पर्स उघडली. कोपरे मऊ पडलेला फोटो काढून फरशीवर ठेवला. मग वर्तमानपत्राच्या घडीत जपलेलं एक वाळकं पान काढलं, करंगळीने देठ फिरवला, अळीने खाल्लेली बाजू उजवीकडे आणली आणि मागे सरकली. मीठ घालताना तिचा हात असाच चालायचा, चमचा न घेता.

त्याने फोटोच्या झिजलेल्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला.

"किती झाली?" त्याने विचारलं. आवाज थेट दुकानात तपासणीला शिरतानाचा.

"तुमचं धरून हे सहावं."

त्याची नजर दाराशी सुलट ठेवलेल्या चपलांकडे गेली आणि परत आली. त्याने स्टँडचे पाय एकेक करून उघडले, कॅमेरा बसवला आणि वाकला.

"नावातलं 'एकच' काढावं लागेल," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"काढा. आणि देठ?"

"देठ जरा डावीकडे."