मयुरीचा मुराळी

कुंदाबाईंनी पोस्टरच्या मागे खळ फासली, दोन्ही कोपरे धरून ते अंगणवाडीच्या दारावर टेकवलं आणि तळहाताने वरून खाली दाबत नेलं. मधोमध एक फुगा राहिलाच. खळीचा डबा धरून उभ्या असलेल्या सुनेने, मयुरीने, तो बोटाने हलकेच कडेपर्यंत सरकवला आणि मग ती चित्राकडे बघत राहिली.

काळा चष्मा घातलेला माणूस, त्याच्या हातात नोटा, मागे एक रडणारी मुलगी आणि एक बस. खाली ठळक अक्षरांत, 'अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका.' त्याखाली मदतीचा नंबर, १८१.

"आई, असा माणूस नही येत," मयुरी म्हणाली.

"मंग?"

"बाई येस. हसत येस. मिठाई लेके."

पाच महिन्यांत ती अहिराणी बऱ्यापैकी शिकली होती, अडलं की हिंदीत जायची. कुंदाबाईंनी तिच्या हातातून डबा घेतला.

"चाल घर. सांजोऱ्या करन्या शेतस."

घरापर्यंतची वाट दोनशे पावलांची, पण त्या दुपारी ती सरता सरेना. लग्न जुळवणारी सुनंदाबाई आली होती तीही हसतच आली होती, आणि तिच्याही हातात पेढे होते.

तेव्हा कुंदाबाईंच्या मुलाला, जितेंद्रला, चौतिसावं लागलं होतं. अमळनेरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात काम, घरी तीन एकर कपाशी, व्यसन नाही. तरी आठ ठिकाणी बघणं होऊन आठही ठिकाणांहून निरोप आला नव्हता. गावात असे दहा-बारा घोडनवरे होते आणि त्यांच्या आया देवळात एकमेकींची नजर चुकवत. नवरा, गिरधरभाऊ, वारल्यावर एकटीने वाढवलेला मुलगा असा पारावर बसून राहिलेला कुंदाबाईंना बघवत नव्हता. धुळ्याच्या सुनंदाबाईने स्थळ आणलं. मुलगी छत्तीसगडकडची, घरची गरिबी, आईबापांना एवढा प्रवास झेपत नाही. मार्गशीर्षात एका देवळात दोन तासांत लग्न लागलं. मुलीकडून एकच मामा होता, तो जेवला आणि सुनंदाबाईबरोबर जीपमध्ये बसून गेला. कुंदाबाईंनी दिलेलं जाड पाकीट सुनंदाबाईच्या पिशवीत होतं. त्याला दोघींनीही 'गाडीभाडं' म्हटलं होतं. ताटातल्या तांदळावर जितेंद्रने अंगठीने 'मयुरी' लिहिलं आणि जुनं नाव त्या दिवसापासून कुणी घेतलं नाही.

गावात नवी सून आली की कुंदाबाई अंगणवाडीचं रजिस्टर घेऊन जात. माहेर कुठलं, आईचं नाव काय, फोन नंबर काय, सगळं विचारून लिहून घेत. आपल्याच सुनेपुढचे रकाने त्यांनी कोरे सोडले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पहिला महिना पोर नुसती रडायची. कुंदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत आणि खानदेशातली कुठलीही सासू नव्या सुनेला म्हणते तेच म्हणत, "रडू नको वं माय. आखाजीले मुराळी येईच." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला सासुरवाशिणीला न्यायला माहेरहून भाऊ, बाप नाहीतर मामा येतो, तो मुराळी. ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं वाक्य, कुंदाबाईंनीही सवयीने म्हटलं. पोरीने मात्र तो शब्द धरून ठेवला. कॅलेंडरवर ती रोज एक दिवस पेन्सिलने खोडत गेली. आता आखाजी पाच दिवसांवर आली होती. लिंबाला झोके टांगले गेले होते, गल्लीतल्या सुना एकेक करून माहेरी निघत होत्या आणि मयुरी दुपारची एसटी यायच्या वेळी भरलेली पिशवी घेऊन ओट्यावर बसत होती.

"सूनले मुराळी कवय येई?" येणारी-जाणारी विचारायची.

शेवटी दोन दिवसांपूर्वी कुंदाबाईंनी सुनंदाबाईला फोन केला होता.

"एवढंच ना अक्का? पाठवते मामाला. बुधवारी, दुपारच्या बसने."

"तिना मायबापना नंबर तरी द्या."

"डोंगरात रेंज नसते हो." मग सुनंदाबाईचा आवाज खाली आला. "काही कटकट करतेय का? असेल तर लाजू नका, सांगून टाका. मामा घेऊन जाईल, मग परत नाही पाठवायची. गुजरातकडे एक घर तयारच आहे. तुम्हाला दुसरी बघून देऊ."

"नही नही, चांगली शे," कुंदाबाई बोलून गेल्या, आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. बाजारात गायीबद्दल बोलावं तशा त्या बोलल्या होत्या. लगेच त्यांनी परत फोन लावला, मामाला धाडू नका म्हणून सांगायला. फोन बंद होता. तेव्हापासून तो बंदच होता, आणि उद्या बुधवार.

सांजोऱ्या तळताना पहिला घाणा करपला. संध्याकाळी जितेंद्र आला तो साडीचा खोका घेऊन.

"माहेरले जाताना नेसी," तो म्हणाला. मग चुलीपाशी येऊन हळूच, "आई, आठ दिवसमा परत येई ना ती?"

"त्या मामाले तू वळखस का?"

"सुनंदाबाई वळखस ना." त्याने खोक्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली. त्यालाही काहीतरी कळत होतं, पण ते बोलायची त्याची हिंमत नव्हती. आपलीही नव्हती, हे कुंदाबाईंना कबूल करावंच लागलं.

बुधवारी दुपारी अंगणवाडीत बायकांची सभा होती, तालुक्याहूनच आदेश होता. पंचवीसेक बायका सतरंजीवर बसल्या. कुंदाबाई कागदावरचं वाचत होत्या: नोकरीचं आमिष, लग्नाचं आमिष, मुलीच्या घरच्यांची खात्री करा. प्रत्येक वाक्य स्वतःच्याच तोंडावर मारल्यासारखं लागत होतं. मयुरी शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मयुरी उठली आणि दाराकडे धावली. लग्नात मामा म्हणून जेवून गेलेला माणूस मिठाईचा खोका घेऊन पायऱ्या चढत होता. तिने त्याच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं, अजून कुणी येतंय का म्हणून. रस्ता मोकळा होता. मग ती पाठ न वळवता एकेक पाऊल मागे आली आणि तिने कुंदाबाईंच्या मागे उभं राहून त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"रामराम. मी मयुरीचा मामा. मुराळी आलोय."

"उना वं तुना मुराळी!" बायका हसल्या. कुणीतरी पाणी आणायला उठली.

हा आत्ता हिला घेऊन गेला तर सगळं गाव ओवाळून पाठवील आणि पोर पुन्हा दिसायची नाही.

"बसा मामा," त्या म्हणाल्या. "तिचं माहेरचं नाव काय हो?"

"मयुरी."

"ते आम्ही ठेवलं. त्याआधीचं?"

"घरात मुन्नीच म्हणतो आम्ही."

पदर मागे गच्च ओढला गेला.

"बरं, तिच्या आईचं नाव? तुमच्या सख्ख्या बहिणीचं?"

माणसाने खोका या हातातून त्या हातात घेतला. बायकांचं हसणं थांबलं. पाणी आणायला उठलेली तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"बस निघेल," तो म्हणाला आणि त्याने पिशवीकडे हात केला. पिशवी त्याच्या हाती लागली नाही, कारण पुढच्या दोघी उठून मध्ये उभ्या राहिल्या होत्या. "बाहेर फोन करून येतो," म्हणत त्याने खोका जमिनीवर ठेवला. पायऱ्या उतरल्यावर त्याची चाल वाढली, आणि फाट्यावर पोचेपर्यंत तो जवळजवळ पळतच होता. थोड्या वेळाने एसटी गेल्याचा आवाज आला.

कुंदाबाईंनी दारावरच्या पोस्टरवरचा नंबर बघून फोन लावला. झालं तेवढं सांगितल्यावर पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं,

"मुलीचं नाव काय?"

कुंदाबाईंनी तोंड उघडलं. मामाला विचारलेला प्रश्न आता त्यांच्यापुढे येऊन उभा होता, आणि पाच महिने एका ताटात जेवूनही त्यांना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला.

"सुकवारो," ती म्हणाली. मग बापाचं नाव, आईचं नाव, गाव, गावाजवळची नदी, शाळेतल्या बाईंचं नाव. कुणी न विचारता ती सांगतच राहिली. तिला एवढं बोलताना गावात कुणी ऐकलं नव्हतं. बायका मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांतल्या दोघींच्या सुनाही सुनंदाबाईनेच आणल्या होत्या.

फोन परत कुंदाबाईंकडे आला.

"ताई, आणणाऱ्या बाईचं नाव लिहिलंय. तिला पैसे देऊन मुलगी कुणी घेतली, त्याची काही माहिती आहे का?"

माहीत नाही म्हणता आलं असतं. जितेंद्रचा चेहरा डोळ्यांपुढे आला, त्याच्या हातातली साडी, पुन्हा पुन्हा बांधलेली दोरी. कुंदाबाई भिंतीला टेकल्या.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "कुंदाबाई गिरधर पाटील. अंगणवाडी सेविका."

सुकवारोने त्यांच्या पदराचं टोक अजून सोडलेलं नव्हतं.