मागून काही येत नाही

पहाटे दिपक आणि हृषीकेश हे दोघे मित्र हैदराबाद रस्त्यानं पळत असताना मागून आलेल्या पिकअपनं त्यांना उडवलं. हृषीकेश जागीच गेला. दिपकच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली.

पावसाळा सरला तरी पायावर जोर देता येईना. डॉक्टर म्हणाले, "खोल पाण्यात पळ. हाडावर भार येणार नाही आणि दमही टिकेल." पण रोज जलतरण तलावावर नेणार कोण? दिपकची आई नागूबाई पहाटेच धुण्याभांड्याच्या कामाला बाहेर पडायची. तेव्हा हृषीकेशचे वडील मुकुंदकाका आपण होऊन घरी आले. "मी सोडत जाईन," एवढंच म्हणाले.

दिपकला नाही म्हणवेना.

रोज सकाळी काका स्कूटर घेऊन येत. दिपक कमरेला तरंगतं ठेवणारा फोमचा पट्टा बांधून तलावाच्या खोल बाजूला उतरे. पाय तळाला लागत नसत. उभ्यानंच पळायचं, कोपरं मागे मारायची, गुडघे उचलायचे. कितीही पळालं तरी माणूस जेमतेम चार हात पुढे सरकायचा. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काका एकटक बघत राहायचे.

"गुडघा वर घे. अजून. हृषी असा ढिला पळायचा नाही."

एकदा परतताना त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. "जानेवारीच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत हृषी पळणार होता. त्याच्या जागी तू पळ."

दिपकनं होकारार्थी मान हलवली. घरी सांगितल्यावर आई भडकली. "तू जित्ता हाईस, मला लई झालं. पळायबिळायचं न्हाय आता."

डिसेंबरात हाड जुळलं. डॉक्टरांनी हळूहळू पळायला परवानगी दिली, तशी दुसऱ्याच दिवशी काकांनी त्याला रस्त्यावर उतरवलं. दिपक थोडा पळाला. पाय ठीक होता. एवढ्यात मागून एका टेम्पोनं हॉर्न वाजवला. दिपक फुटपाथवर बसला आणि भडाभडा ओकला. पँट ओली झाल्याचं त्याला उशिरा कळलं.

"ऊठ," काका म्हणाले. "होतं असं. ऊठ."

"काका, मला नाही जमणार. पाण्यात मागून काही येत नाही."

"मग इतके दिवस मी कशासाठी येत होतो?" काकांचा आवाज चिरकला. "तू वाचलास ते..." पुढचं त्यांनी गिळलं. पण दिपकला कळायचं ते कळलंच.

त्यांनी त्याला घरापर्यंत सोडलं. त्यानंतर स्कूटर आली नाही. दिपक एकटाच रिक्षानं तलावावर जाऊ लागला.

शर्यतीच्या दिवशी दुपारी हृषीकेशच्या आईचा, गोदावरीकाकूंचा फोन आला. "हे पहाटे न सांगता शर्यतीत पळायला गेले रे. अर्ध्या वाटेत पडले. लोकांनी घरी आणून सोडलं."

दिपक गेला. काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तळव्यांना फोड आले होते, गुडघे सुजले होते. काकूंनी आणलेला चहा तसाच निवत राहिला.

तोंड न वळवताच काकांनी विचारलं, "हृषी अख्खं अंतर किती वेळात पळायचा?"

"पावणेदोन तासांत."

"मला तेवढ्यात निम्मंही झालं नाही."

दिपकनं त्यांच्या पायाशी हात नेला, पण लावला नाही. थोड्या वेळानं तो उठला. काकांनी त्याला थांब म्हटलं नाही.