चांदीनं काढलेली रतन

विंझर गावच्या चित्रकलेला आजपासून पेन्सिलीची गरज उरलेली नाही, असं गोरख मास्तरांनी भर ओसरीवरून जाहीर केलं. म्हशीनं शेपटी हलवली. शेजारचे गेनबा म्हणाले, "बरं झालं. आमच्याकडं नव्हतीच."

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून रागात होते. सगळ्यात जास्त राग खोडरबरावर. पोरांनी जन्मभर काढलं त्याच्या दुप्पट खोडलं, असं त्यांचं म्हणणं.

झालं असं की, बायकोचं, रतनचं, एका पायातलं जोडवं चिरलं. भोरच्या सराफाकडनं सांधून आणा म्हणून तिनं ते मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर ते बोटांत खेळवत बसले आणि चुना मारलेल्या भिंतीला घासलं, तर केसासारखी बारीक करडी रेघ उठली. रबरानं जाईना. मोबाईलवर शोधलं, तेव्हा कळलं की परदेशातले जुने चित्रकार असेच चांदीच्या तारेनं चित्रं काढायचे. जोडवं भोरला गेलंच नाही. मास्तरांनी ते ठोकून सरळ केलं, टोक घासलं आणि पेनाच्या रिकाम्या नळीत बसवलं. रतनला सांगितलं, सराफाकडं लग्नसराईची गर्दी आहे.

मग खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून पुठ्ठ्यावर थर दिले, कारण कोऱ्या कागदावर चांदी उमटत नाही. समोर रतनला बसवलं. दाबून रेघ गडद होत नव्हती. हलक्या हातानं एकीवर एक ओढत राहायचं. चुकली तर जन्माची चुकली. पहिल्या पुठ्ठ्यावर रतनचं नाक तसंच गेलं. मास्तर नाकावर चिडले. रतन म्हणाली, नाक माहेरचं हाय, त्याला बोलू नका.

दुसरा पुठ्ठा जमला. गेनबांनी तो बघून विचारलं, कोरा पुठ्ठा कशाला टांगलाय? मास्तरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण टाकण्याआधी पुष्कळ बोलून घेतलं. ही शुद्ध चांदी आहे, हवा लागेल तशी काळवंडेल, चित्र लोणच्यासारखं मुरतं, डोळे असतील त्याला दिसेल. हवा लागावी म्हणून त्यांनी काच बसवली नाही, आणि चित्र चुलीजवळच्या भिंतीला लावलं.

पावसाळा सरला आणि रतन खरोखरच वर आली. अंबाडा, कपाळावरची आठी, हसू दाबलेले ओठ, सगळं दाट तपकिरी. भोरला चित्रप्रदर्शन भरवणाऱ्या अजितरावांनी फोटो बघून निरोप धाडला, मधल्या भिंतीवर लावू, रविवारी घेऊन या. मास्तर त्या दिवशी घरात चक्क हसले. रतन घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघून गेली.

रविवारी मास्तर दाढी करून आत आले. रतनच्या एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात दंतमंजनाची डबी. पुठ्ठ्यावर एक कान आणि पाव अंबाडा शिल्लक होता. बाकी पांढरंफटक.

"हे काय केलंस?"

"काळी पडली व्हती. दिवाळीला निरांजन घासते तशी घासली. तुमीच म्हनला, शुद्ध चांदी हाय. भोरची मानसं बघनार, काळी कशी न्यायची?"

मग मास्तरांनी जे तोंड सोडलं त्यानं म्हैस उठून उभी राहिली. गावाचा अडाणीपणा झाला, शाळेतली पोरं झाली, दंतमंजनाचा शोध लावणारा झाला. इतक्या महिन्यांची मेहनत, मधली भिंत, आयुष्यात एकदा आलेली संधी, सगळं एका फडक्यात गेलं. आता अजितरावांना जाऊन काय तोंड दाखवू? खोडता येत नाही म्हणून तर चांदी धरली होती, आणि घरातच माणसाएवढं खोडरबर निघालं. छातीशी खिशात ती पेनाची नळी होती. ती काढून आपटावी म्हणून त्यांनी हात घातला आणि तसाच ठेवला.

"चांदी होती ती," घसा बसल्यावर ते म्हणाले. "अस्सल चांदी होती गं."

रतननं फडकं पिळलं, खुंटीला टाकलं. पदराला हात पुसत तिनं आपला मोकळा पाय जरा पुढं केला.

"ते झालं ते झालं. तोंड दाखवायला भोरला जानारच हाय, तर सराफाकडनं माझं जोडवं तेवढं घेऊन या."