अक्षराचे पाच गुण

मित्रांनो, माझा आवाज मोठा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुरकूर नको. मी टाइपरायटर आहे. जुना, लोखंडी, अंगाने जाड आणि स्वभावाने थोडा खडूस. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. माझ्या पुढ्यात बटणांच्या रांगा आहेत. प्रत्येक बटणाला आत एक बारीक दांडी आणि दांडीच्या टोकावर अक्षराचा ठसा. बटण दाबले की दांडी उडी मारते, शाईच्या फितीवर आपटते आणि कागदावर अक्षर उमटते. ओळ संपत आली की घंटी वाजते. त्या घंटीचा मला अजूनही अभिमान आहे.

कारखान्यातून मी थेट एका वकिलांच्या कचेरीत आलो. तिथे मला आत्या भेटली. तेव्हा ती कोणाचीच आत्या नव्हती, नुकतीच नोकरीला लागलेली, घाबरीघुबरी मुलगी होती. पण मी तिला आत्याच म्हणणार, कारण पुढे घरात सगळे तिला तेच म्हणू लागले. वर्षभरात तिची बोटे अशी चालू लागली की वकीलसाहेब मजकूर सांगता सांगता मागे पडत. येणारे-जाणारे माझ्या ठसठशीत अक्षराचे तोंड भरून कौतुक करत. संध्याकाळी आत्या मऊ ब्रशने माझी धूळ झाडी, सांध्यांत तेलाचा थेंब सोडी आणि मगच चपला घाली. ते दिवस फार सुखाचे होते.

मग संगणक आला. गोरागोमटा, आवाज नाही की काही नाही. मला उचलून कपाटावर ठेवले आणि कोणी वर मान करून बघेनासे झाले. आत्या निवृत्त झाली तेव्हा साहेबांना म्हणाली, "मला निरोपाला काही द्यायचंच असेल तर हा द्या." अशा रीतीने मी तिच्या घरी आलो. घरी मान मिळेल असे वाटले होते. झाले काय, तर माझ्यावर झाकण घालून वर फुलदाणी ठेवली!

घरात आत्याच्या भावाचे कुटुंब राहत असे. त्याच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरत नसे. भिंगरी तोंडाने बोलू लागली की ऐकत राहावे. झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसे चढते, हे तिने एकदा जेवताना असे समजावून सांगितले की बाबांचा घास हातातच राहिला. पण हातात पेन्सिल आली की सगळे बिनसे. अक्षरे उलटी पडत, ओळ सोडून वर चढत, एकमेकांच्या अंगावर बसत. अर्धे पान भरेपर्यंत बोटे दुखून यायची आणि डोक्यातले उत्तर पळून गेलेले असायचे. शेवटी मुलांच्या शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "हुशार आहे मुलगी. आळशी अजिबात नाही. डोक्यातलं अक्षर हातातून उतरताना तिची वाट चुकते, एवढंच. लिहायला दुसरं काही साधन द्या."

तोवर बराच उशीर झाला होता. सहामाहीत भिंगरी चार विषयांत नापास होती. वार्षिक परीक्षेतही तसेच झाले असते तर ती त्याच वर्गात राहिली असती आणि मैत्रिणी पुढे गेल्या असत्या. हा विचार मनात आला की भिंगरीसुद्धा एका जागी बसून राही.

हेडसर मनाने चांगले होते, पण नियमाचे पक्के. ते म्हणाले, "लिहायला यंत्र चालेल. पण संगणक नको. तो चुका परस्पर दुरुस्त करतो. बाकीच्या मुलांवर अन्याय होईल."

"आमच्याकडे एक आहे," आत्या म्हणाली. "तो काहीच दुरुस्त करत नाही."

हे कौतुक होते की काय, मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्याच संध्याकाळी माझ्यावरची फुलदाणी निघाली.

भिंगरीने झाकण काढले आणि पहिल्यांदा नाकच आत खुपसले. "आत्या! ह्याच्या आतली सगळी अक्षरं उलटी आहेत!"

"ठसे उलटेच असतात गं. कागदावर आले की सुलटे होतात."

भिंगरी अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझीपण आत अशीच असतील." तिने माझ्या दांड्यांवरून बोट फिरवले. मित्रांनो, इतकी वर्षे लोकांनी माझे अक्षर पाहिले, पण आत्या सोडली तर आत वाकून कोणी पाहिले नव्हते. मला ही पोरगी त्याच क्षणी आवडली.

आत्या तिला रोज शिकवू लागली. सुरुवातीला एका बोटाने, मग दोन्ही हातांनी. मधूनमधून दोन दांड्या एकमेकींत अडकत आणि भिंगरी मला रागे भरे. मीही ऐकून घेत असे.

चाचणी परीक्षेला बाबांनी मला मांडीवर घेऊन बसमधून शाळेत नेले. पेपर सुरू झाला, भिंगरीने पहिले बटण दाबले आणि साऱ्या वर्गाने दचकून माना वळवल्या. खट, खट, खटाखट, आणि वर घंटी! कोणी कानांवर हात ठेवले, कोणी मोजता मोजता आकडा विसरले. त्यांची तक्रार खरी होती. अशा आवाजात मलासुद्धा गणित सुटले नसते.

पेपर झाल्यावर बाईंनी, म्हणजे वर्गशिक्षिकांनी, मुलांना बसवून घेतले. "मनात काय आहे ते बोला," त्या म्हणाल्या.

मोतीताई उठली. तिचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून हे नाव. कोणी 'मोत्या' म्हटले तर मात्र ती अंगावर धावून येई. "बाई, आवाजाचं जाऊ दे. प्रत्येक पेपरात पाच गुण सुंदर अक्षराचे असतात. मी रोज अक्षर घोटते. हिचं तर मशीनच काढणार सुंदर अक्षर. हे बरोबर आहे का?"

"आणि उत्तरं?" मागून कोणीतरी म्हणाले. "उत्तरं पण मशीनच देत असेल!"

"ये, तूच बस याच्यापुढे," बाई मोतीताईला म्हणाल्या. "उत्तर देतो का बघ." मोतीताई ऐटीत येऊन बसली. बोटे बटणांवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलणार, कपाळ! कागद कोरा तो कोराच. मुले हसू लागली आणि मोतीताईलाही हसू फुटले. पण ती प्रश्न सोडणारी नव्हती. "बरं, उत्तरं तिची. अक्षर तर तिचं नाही ना?"

भिंगरी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "अक्षराचे गुण मला नकोत. खरंच नकोत. मला फक्त उत्तरांचे द्या."

मग मोतीताईच कपाळाला आठ्या घालून पुटपुटली, "पण ते पाच गेले म्हणून ही नापास झाली तर? तेही बरोबर नाही."

बाई म्हणाल्या, "ज्याची परीक्षाच घेतली नाही, त्याचे गुण द्यायचे नाहीत आणि कापायचेही नाहीत. तिचा पेपर त्या पाच गुणांशिवायच मोजू. चालेल?"

"चालेल," मोतीताई म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

राहिला माझा आवाज. शेजारची नकाशांची खोली रिकामी होती. तिथे भिंगरीने बसायचे ठरले, पण तिचा चेहरा उतरला. "मला एकटीला बाहेर काढल्यासारखं वाटेल."

"मी बसते तुझ्याबरोबर," मोतीताई म्हणाली. "माझं भांडण गुणांशी होतं, तुझ्याशी नव्हतं."

वार्षिक परीक्षेला आत्याने माझ्याखाली जाड घोंगडी घडी करून घातली. नकाशांच्या खोलीत एका टेबलावर आम्ही दोघे आणि पलीकडे मोतीताई, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. तरी घंटी वाजली की ती दचकायची आणि भिंगरीकडे डोळे वटारून पुन्हा लिहू लागायची. भिंगरीचे तिकडे लक्षच नव्हते. मी इतक्या जणांचे मजकूर उमटवले, पण असा घाईघाईने, एकमेकांना ढकलत बाहेर येणारा मजकूर कधी पाहिला नव्हता.

निकालाच्या दिवशी भिंगरी दारातूनच ओरडत आली. ती पास झाली होती. पहिली नाही की दुसरी नाही, साधी पास. आईने तिला जवळ घेतले, बाबांनी डोळे पुसले. पण भिंगरीला दाखवायचे होते वेगळेच. पेपर फडकवत ती आत्याकडे धावली. "आत्या, बघ ना, माझं उत्तर चुकलं!"

उन्हाळा का होतो, या प्रश्नाला तिने लिहिले होते की पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. शेजारी बाईंनी लाल शाईने लिहिले होते, 'नाही. पृथ्वी कललेली असते म्हणून. पण जवळ जाते असं तुला का वाटलं? उद्या येऊन सांग.' आजवर तिच्या पेपरावर 'अक्षर सुधार' याखेरीज कोणी काही लिहिले नव्हते. आज पहिल्यांदा कोणीतरी तिचे म्हणणे वाचले होते, आणि ते चुकले आहे असे तिला सांगितले होते. आत्याने तो शेरा दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. माझेही लोखंडी ऊर भरून आले.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल घाला, धूळ झाडा आणि कृपा करून डोक्यावर फुलदाणी ठेवू नका. तुमच्या वर्गात कोणाला जास्तीचा वेळ मिळाला, कोणाला यंत्र मिळाले, तर 'तिलाच का?' असे खुशाल विचारा. मोतीताईनेही विचारले होते. मात्र उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबा, निम्म्यातून रुसून जाऊ नका. आता मला रजा द्या. भिंगरी माझ्यात नवा कागद चढवते आहे. उद्या बाईंशी वाद घालायचा आहे, आणि तिला आपले म्हणणे आधी लिहून काढायचे आहे.