चौकाच्या पलीकडे

शिट्टी वाजली तेव्हा माणिकप्पा चौकाच्या पलीकडे सायकलवर बसून, एक पाय जमिनीला टेकून थांबले होते. मागे वळून पाहायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून त्यांनी पाहिलं नाही. शिट्टी पुन्हा वाजली. मग एसटीचा हॉर्न, ब्रेकचा कर्कश आवाज, आणि पाठोपाठ ड्रायव्हरने खिडकीतून केलेला त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. देगलूरची गाडी त्यांच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उभी होती.

ट्रॅफिकचा शिपाई निवृत्ती धावत आला आणि हँडल धरून त्याने त्यांना सायकलीसकट कडेला ओढलं.

"अप्पा, मरायचं हाय का? गाडी वळायची जागा हाय ही. रोज हितंच येऊन थांबून राहिलाव तुमी."

"जरासा थांबलो," माणिकप्पा म्हणाले.

"जरासं न्हाई. सहा महिने झाले, मी बघून राहिलो की. साहेबानं बी दोनदा बघितलं जीपमधून. चला चौकीत. जमादार लिहून घेतो म्हनतेत."

माणिकप्पांना चौकीत नेणं म्हणजे देवळातल्या नंदीला कोंडवाड्यात घालण्यासारखं होतं. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तीस वर्षं मापाडी असलेला हा माणूस जन्मभर नाकासमोर चालला. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला होता. उन्हं असतानाच घरी पोचणाऱ्या माणसाला दिवा कशाला लागतो, पण कायद्यात आहे म्हणून त्यांनी डायनामोही बसवून घेतला होता. रस्त्याची डावी बाजू त्यांनी कधी सोडली नाही. मोंढ्यातले हमाल म्हणायचे, अप्पा झोपतानासुद्धा डाव्या कुशीवरच झोपत असतील.

एकच गुन्हा त्यांच्या हातून रोज घडायचा आणि तो मागे कॅरिअरवर बसलेला असायचा. तो गुन्हा म्हणजे त्यांची बायको शिवम्मा. ती चौकाच्या अलीकडे, किल्ल्याच्या बाजूच्या बालवाडीत आया होती. पदरी मूल नव्हतं, म्हणून दुसऱ्यांची नाकं पुसते, असं ती स्वतःच हसत सांगायची. सकाळी माणिकप्पा तिला तिथे सोडून मोंढ्यात जायचे आणि संध्याकाळी येताना घेऊन यायचे. घर चौकाच्या पलीकडे, त्यामुळे जायला-यायला चौक हा एकच रस्ता.

उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं तोवर कोणी कोणाला विचारत नव्हतं. मग लातूर जिल्हा वेगळा झाला. लोकांनी पेढे वाटले. आता पाणी येणार, कचेऱ्या येणार. कचेऱ्या लातुरात राहिल्या, पाणी कुठेच आलं नाही. उदगीरच्या वाट्याला आली ती निवृत्तीची शिट्टी. चौकात गोल ओटा बांधला, वर छत्री लावली, आणि सायकलवर डबलसीट दिसली की पावती फाडायची असा हुकूम निघाला.

गावाने त्यावर आठ दिवसांत तोड काढली. मागचा माणूस चौकाच्या अलीकडे उतरायचा, चालत चौक ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचा. चौकात तर डबलसीट नाही, मग गुन्हा कसला? निवृत्तीला सगळं दिसत होतं. त्याचीही ना नव्हती. बाकीचे लोक हे करताना हसायचे, निवृत्तीला हात करायचे. माणिकप्पांची मात्र पाचावर धारण बसायची. आपण एकटेच आहोत असं कायद्याला वाटावं म्हणून ते ताठ मानेने चौक पार करायचे, पलीकडे पाय टेकायचे आणि समोर बघत राहायचे. मग कॅरिअर खाली दबायचं, स्प्रिंग करकरायची आणि मागून आवाज यायचा, "चला री." घरात कानडी बोलणाऱ्या शिवम्माचं 'अहो' म्हणजे ते 'री'.

उतरायचा तिला राग नव्हता, पण टोमणा मारल्याशिवाय ती राहायची नाही. "ह्या रस्त्याखालची खडी माझ्या हातची हाय. बहात्तरला हितंच बसून फोडली. आन आता मलाच उतरायला लावतेत."

ते खरंच होतं. बहात्तरच्या दुष्काळात मोंढ्यात दाणा आला नाही, मापाड्याला मापायला काही उरलं नाही. दोघं ह्याच रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेली. घराचा उंबरा न ओलांडलेली बाई बोटांना चिंध्या गुंडाळून उन्हात खडी फोडत बसली, आणि संध्याकाळी नवऱ्याची पाठ चोळून द्यायलाही तीच उठली.

पोत्याला नुसता हात लावून किलो-अर्ध्या किलोचा फरक सांगणारा माणूस अशी माणिकप्पांची मोंढ्यात ख्याती. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न पडलेल्या त्या पावसाळ्यात, कॅरिअर पूर्वीसारखं दबत नाही हे त्यांना कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण पुन्हा दुष्काळ होता, टँकरपाशी उभी असलेली सगळीच माणसं वाळली होती. "जेवत जा," एवढंच ते एकदा म्हणाले. "जेवते की," ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

दिवाळीच्या आधी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ते तिला सायकलवरूनच दवाखान्यात घेऊन निघाले. चौकापाशी आल्यावर सवयीने ब्रेक दाबले आणि म्हणाले, "उतर." शिवम्मा एक शब्द न बोलता उतरली. ते चौक पार करून थांबले, समोर बघत. त्या दिवशी तिला यायला फार वेळ लागला. कॅरिअर दबलं की नाही हेही नीट कळलं नाही. 'चला री' तर ती म्हणालीच नाही. मग तिला लातूरला हलवलं आणि नवव्या दिवशी तिथल्या दवाखान्यात ती वारली.

तेव्हापासून माणिकप्पा रोज संध्याकाळी चौक ओलांडून थांबायचे. डोकं फिरलं नव्हतं त्यांचं. मागून कोणी येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी गेलं की ती नव्हतीच. चुलीपाशी नव्हती, अंगणात नव्हती, पूजेच्या पाटावर नव्हती. पण एका बाईला चौक ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, मागे वळून पाहिलं नाही तर, ती मेलेली नसायची. ती नुसती चालत येत असायची. दिवसभरात तेवढी दोन मिनिटं त्यांच्या हातात उरली होती.

चौकीत जमादार उद्धवरावांनी कागद पुढे ओढला. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं.

"थांबण्याचं कारण सांगा."

माणिकप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"दुकान हाय का तुमचं तिथं? कुनाची वाट बघता का?"

"सवय हाय," माणिकप्पा म्हणाले.

"सवय लिहिता येत न्हाई अप्पा. कारन लागतं."

दारातल्या निवृत्तीने टोपी काढून हातात घेतली. "जमादार, मालकीन वारली ह्यांची. दिवाळीच्या तोंडावर. दोघं रोज..."

उद्धवरावांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. "वाईट झालं. पन उद्या तुमी गाडीखाली आलाव तर मी कुनाला जबाब देऊ? दुःख घरी करावं मानसानं. रस्त्यात न्हाई." कारणाची जागा मोकळी सोडून त्यांनी लिहिलं: सदर ठिकाणी यापुढे थांबणार नाही. माणिकप्पांनी सही केली. दिलेला शब्द मोडणं ह्या माणसाला कधी जमलंच नव्हतं. ती दोन मिनिटं त्यांनी लिहून दिली होती.

निवृत्ती त्यांच्याबरोबर बाहेर आला. सायकल स्टँडवरून काढून दिली. तरी हँडल सोडीना.

"अप्पा, एक इचारू? त्या दिवशी मालकिनीला दवाखान्यात नेत होताव, तवा मी लांबूनच हात केलता. बसू द्या, जावा म्हनून. तुमाला दिसला न्हाई का?"

सहा महिने त्याच्या मनात हे सलत असणार. आपण हात उशिरा केला की काय, असं त्याला वाटत असणार. माणिकप्पांनी खरं ते सांगितलं.

"दिसला होता."

"मग?"

"कायदा हाय म्हणून 'उतर' म्हणलो मी तिला."

निवृत्तीने हँडल सोडलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मोंढा सुटला. माणिकप्पा चौकाच्या अलीकडे आले आणि लिंबाच्या झाडाखाली, शिवम्मा उतरायची त्या जागी, सायकलवरून उतरले. एवढ्या वर्षांत इथे ते कधी उतरले नव्हते. दोघांनी मिळून चालत जायलाही कायद्याची हरकत नव्हती, हे त्यांना आत्ता सुचत होतं. सायकल हातात धरून ते कडेकडेने चालू लागले.

ओट्यावरून निवृत्तीने पाहिलं. शिट्टी तोंडातून काढून तो म्हणाला, "अप्पा, एकटेच हाव की आता. एकट्याला उतरायचं कारन न्हाई. बसून जावा."

"असू दे," माणिकप्पा म्हणाले.

सायकलवरून चौक दहा पायडलांचा होता. चालायला तो फार मोठा निघाला. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. कडेचं डांबर निघून गेलं होतं आणि खालची खडी वर आली होती. चपलेतून ती पायाला टोचत होती. मध्यावर आल्यावर त्यांनी वर पाहिलं. पलीकडे, ते रोज थांबायचे ती जागा समोरच दिसत होती. इथून चालत येणाऱ्या बाईला काय दिसत असेल, ते त्यांच्या ध्यानात आलं. पांढरी टोपी, घामाने भिजलेला सदरा, आणि कधीच न वळणारी पाठ. तापातही तिने तीच पाहिली असेल.

माणिकप्पा पलीकडे पोचले. लिहून दिल्याप्रमाणे ते तिथे थांबले नाहीत. सायकलवरही बसले नाहीत. मागे ओझं असलं की ते कलू नये म्हणून धरतात तसा एक हात हँडलवर आणि एक हात मागे कॅरिअरवर ठेवून, रस्त्याच्या डाव्या कडेने ते हळूहळू घरापर्यंत चालत गेले.